सगळं गाव ब्याण्णव किलो

पुसेगावात करुणा पाईकराव ड्रायव्हर म्हणून ओळखली जायची, आणि तिला साधी स्कूटीसुद्धा चालवता येत नव्हती.

हा घोळ घातला तिच्या वडलांनी, नरसिंगनं. करुणा नांदेडला इंजिनिअरिंग शिकली, पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत लागली आणि लॉकडाऊनमध्ये जी घरी आली ती घरूनच काम करायला लागली. पारावर कुणीतरी नरसिंगला विचारलं, "पोरगी दिवसभर घरात बसून काय करून राहिली?" नरसिंगला एवढंच आठवलं की ती फोनवर सारखी 'माझा ड्रायव्हर', 'तुझा ड्रायव्हर' करत असते. त्यानं छाती पुढं काढली. "ड्रायव्हर हाय ती. कंपनीत."

झालं. आठवड्याच्या आत तांड्यावरचा रूपसिंग दारात हजर.

"बाई, जीपवाल्याला ताप आलाय आन् वऱ्हाड कळमनुरीला जायाचंय. तेवढं सोडून ये."

"काका, मला गाडी येत न्हाई."

"मंग कंपनी पगार काहून देती?"

करुणानं त्याला बसवलं, चहा दिला आणि समजावलं. कॉम्प्युटरला स्वतःला काही कळत नाही. प्रिंटर म्हणजे काय, काटा म्हणजे काय, त्याला कशाचा पत्ता नसतो. दोघांच्या मधे एक दुभाषी लागतो, तो यंत्राची भाषा कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटरचा हुकूम यंत्राला. त्या दुभाषी प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात आणि ती असले ड्रायव्हर लिहिते. रूपसिंगनं सगळं नीट ऐकून घेतलं, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "म्हंजे गाडी रिव्हर्स तरी येत आसल."

या बाईच्या घरी त्या उन्हाळ्यात पुण्याहून एक मोठं खोकं आलं. आत होता बोलका काटा. शेळ्या-बोकडांच्या बाजारासाठी कंपनीनं तो बनवला होता. खाली लोखंडी पाट, तिन्ही बाजूंनी कठडा, समोर खांबावर एक डबा, डब्यावर लहानसा पडदा. जनावर पाटावर उभं राहिलं की डबा मोठ्यानं वजन सांगणार, म्हणजे घेणारा, विकणारा आणि मधला दलाल, तिघांच्या कानावर एकच आकडा पडणार. बाजारात वीज कुठून असायची? म्हणून काटा बॅटरीवर. आणि बॅटरी पुरावी म्हणून काम नसलं की आतल्या सगळ्यांनी झोपायचं, हा नियम.

वजनाच्या भागाचा ड्रायव्हर करुणानं लिहिला होता. आवाजाच्या भागाचा लिहिला होता पुण्यातल्या प्रमोदनं. दोघांवर शितल नावाची बाई मुख्य होती. आवाज मात्र कुणाचाच नव्हता. कंपनीला चांगला स्टुडिओतला आवाज घ्यायचा होता, पण तोवर कामचलाऊ म्हणून करुणानं आपल्या आईचा, जनकाबाईचा घेतला.

जनकाबाईला स्वयंपाकघरात बसवून, दार-खिडकी लावून, पंखा बंद करून आकडे म्हणवून घेतले. शंभरापर्यंत ती बराबर गेली. पुढं घाम फुटला. "आगं, दीडशे किलोचं बकरू आसते का कुटं?" तिनं मधेच विचारलं, तेही रेकॉर्ड झालं आणि करुणाला कापून काढावं लागलं. जनावर हललं तर वजन लागत नाही, म्हणून त्यासाठीही एक वाक्य हवं होतं. "आई, बकरीला उभी राहा म्हणताना तू काय म्हणतीस ते म्हण." जनकाबाई मायेनं म्हणाली, "हलू नगं रे माझ्या राजा!" तेच काट्यात गेलं.

आता खरी अडचण सुरू झाली. पाट जोडायच्या आधी करुणा डब्यातून नुसते आकडे वाजवून बघायची आणि जनकाबाई त्याला उत्तर द्यायची. काटा म्हणायचा "एकवीस किलो", आतून आवाज यायचा, "कोन?" शेजारणी बोलत्या जनकाबाईला सोडून डब्याशी बोलायला येऊ लागल्या. दोन दिवसांत जनकाबाईचा जीव कावला. "त्ये बंद कर. माझा मलाच तरास व्हून राह्यला." म्हणून करुणानं आवाजाची वायर काढून ठेवली आणि रूपसिंगच्या बकऱ्या आणून नुसत्या वजनाची तपासणी केली. वजन अगदी बिनचूक. पुण्यात प्रमोदनं त्याच्या टेबलावर नुसत्या आवाजाची तपासणी केली. आवाज खणखणीत. दोघांनी शितलला कळवलं, सगळं ओके.

वजन आणि आवाज एकत्र कुणी तपासलेच नाहीत.

इकडे अमृतरावांची साठी आली होती. अमृतराव पिठाच्या गिरणीचे मालक, अंगानं भरलेले, स्वभावानं गोड. गावात कुणाचाही सत्कार असो, शाल पांघरायला अमृतरावच. दहावी पास झालेली लेकरं, बदली झालेले तलाठी, सैन्यातून आलेला जवान, सगळ्यांच्या खांद्यावर त्यांनी शाल घातली. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र कधी टॉवेलाशिवाय काही पडलं नव्हतं. त्याची खंत त्यांना होती, आणि ती आपण कुणाला दाखवत नाही असा त्यांचा समज होता. मग गावानंच ठरवलं, अमृतरावांची गूळतुला करायची. त्यांच्या वजनाइतका गूळ तोलायचा आणि सगळ्या गावात वाटायचा.

"तराजू कुठून आणायचा?" प्रश्न निघाला.

"आमच्या पोरीकडं बोलनारा काटा हाय," नरसिंग म्हणाला.

करुणाला हे कळलं तेव्हा मांडवसुद्धा घालून झाला होता.

"बाबा, ते बकऱ्याचं हाय."

"वजनाला काय जात आसती का? बकरं आसो का अमृतराव, किलो तेच."

तिनं आवाजाची वायर परत जोडली, एकदा स्वतः पाटावर चढून बघितलं. "चोपन्न किलो," काटा बोलला. ती खूश झाली, बटण बंद केलं आणि काटा टेम्पोत चढवला.

कार्यक्रम ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत होता. तांड्यावरून माणसं आली, साखऱ्याहून अमृतरावांचे पाहुणे आले, रूपसिंग तर आपला कळमनुरीच्या बाजाराला न्यायचा बोकडही घेऊन आला, कारण इथून त्याला तसंच पुढं जायचं होतं. गुळाच्या ढेपांची चळत बाजूला रचली होती आणि तिच्याभोवती लोकांपेक्षा माश्या जास्त होत्या.

पहिला खोळंबा शालीचा झाला. शाल आणली होती, पण ती घालायची कशी हे कुणालाच येईना, कारण आजवर ते काम फक्त अमृतराव करत. नरसिंगनं ती त्यांच्या डोक्यावरूनच टाकली. शेवटी अमृतरावांनी आतूनच सूचना दिल्या, "उजवा खांदा… आता मागून वढ… हां," आणि स्वतःचा सत्कार स्वतःच सावरून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी शालीलाच पुसलं.

मग पाटावर खुर्ची ठेवली, खुर्चीचं वजन वजा केलं आणि अमृतराव बसले. करुणानं बटण दाबलं. अमृतरावांनी टाळ्यांना हात जोडले.

काटा मोठ्या लाडानं म्हणाला, "हलू नगं रे माझ्या राजा!"

सगळ्या गावाच्या माना जनकाबाईकडं वळल्या. आवाज कुणाचा हे पुसेगावात लेकरालाही माहीत होतं. जनकाबाईनं पदर तोंडावर घेतला तो पार कपाळापर्यंत. अमृतराव दचकून तिच्याकडे वळले.

"हलू नगं रे माझ्या राजा!"

आता अमृतराव आपल्या बायकोकडे, मिराबाईंकडे वळले.

"हलू नगं रे माझ्या राजा!"

"आवो, बसा की नीट!" मिराबाई ओरडल्या. "तिसऱ्यांदा म्हनून राह्यली ती!"

अमृतराव दगडासारखे बसले. काटा बोलला, "ब्याण्णव किलो." टाळ्या, शिट्ट्या, हलगी. अमृतराव उतरले, खुर्ची उतरवली. टाळ्या ओसरेपर्यंत थोडा वेळ गेला. मग चौघांनी मिळून गुळाची मानाची पहिली ढेप पाटावर ठेवली. एकच ढेप. बाकीच्या हातात घेऊन माणसं रांगेत उभी.

"ब्याण्णव किलो," काटा म्हणाला.

ढेप उचलणारे चौघे एकमेकांकडे बघायला लागले.

"झालं?" रांगेतल्या एकानं विचारलं.

"काटा म्हनतो झालं," नरसिंग म्हणाला.

अमृतरावांचा चेहरा पडला. साठ वर्षं खाल्लं-प्यालं, आणि बरोबरी एका ढेपेशी! गावाचा चेहरा त्याहून पडला, कारण सगळ्या गावाला एका ढेपेत काय मिळणार, बोट चाटायलासुद्धा नाही. "काढा ती, पुन्यांदा करा!" असा गलका झाला. ढेप काढली. पाट रिकामा झाला.

"ब्याण्णव किलो."

मग कुणाला आवरणार! कुणी नारळ ठेवला, ब्याण्णव किलो. कुणी चप्पल ठेवली, ब्याण्णव किलो. शाळेतली पोरं एकेक करून चढली आणि सगळी अमृतराव होऊन उतरली. रूपसिंगनं गंभीर तोंड करून बोकड पाटावर चढवला. ब्याण्णव किलो. त्यानं वळून पाहुण्यांना विचारलं, "बोला, ह्याच भावात कोन घेतं?" त्याची बायको पेमा स्वतः मात्र चढेना. "मला न्हाई तोलायचं. उगा अंगाला लागंल," ती म्हणाली.

करुणा डब्याशी उभी होती. तिला वाटत होतं धरणी दुभंगावी आणि आत एक लॅपटॉप असावा. तिनं बटण बंद करून परत चालू केलं असतं तर काटा पहिल्या एका वजनापुरता सुधारला असता, पण ते तिला त्या वेळी कुठलं सुचायला! अमृतराव तिच्याजवळ आले. ती काही बोलायच्या आत तेच हळू आवाजात म्हणाले, "पोरी, माझं ब्याण्णव तरी खरं व्हतं का?"

"तेवढं खरं व्हतं, काका."

"मंग डॉक्टरला सांगू नगंस."

गूळ वाटायचा राहिला. पुढच्या रविवारी परत तुला करायची असं ठरलं आणि ढेपा मिराबाईंच्या घरात कुलपात गेल्या.

घरी येऊन करुणानं काट्याच्या पोटातलं एकेक उघडून वाचायला घेतलं. तिला सापडलं ते असं. डब्यात एक कंट्रोलर होता, यंत्रांचा मुकादमच म्हणा. वजनाचा सेन्सर आणि आवाजाची चिप, दोघंही त्याच्याच हाताखाली. दोघांचं येणं-जाणं, हुकूम-निरोप सगळे त्याच्यामार्फत. प्रमोदचा ड्रायव्हर काय करायचा, बोलायचं असलं की मुकादमाला उठवायचा आणि बोलून झालं की थोडा दम धरून त्याला झोपवून टाकायचा. बॅटरी वाचली म्हणून प्रमोद खूश. पण त्याच मुकादमाच्या भरवशावर करुणाचा सेन्सर बसलाय, हे प्रमोदच्या ड्रायव्हरच्या गावीही नव्हतं. अमृतराव हलत होते तोवर काटा लागोपाठ बोलत राहिला, मुकादमाला झोप लागलीच नाही. टाळ्या ओसरेपर्यंत मात्र त्याला गाढ झोप लागली. मग करुणाचा ड्रायव्हर वजन विचारायला गेला की झोपलेल्या मुकादमाच्या उशाशी पडलेला जुना आकडा उचलून आणायचा. तो सांगायला आवाजवाला मुकादमाला उठवायचा, सांगून झालं की परत झोपवायचा.

तिनं फोन लावला.

"प्रमोद, तू माझा कंट्रोलर बंद करून राह्यलास."

"तुझा? तो माझा आहे."

"दोघांचा हाय."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग प्रमोद म्हणाला, "मला वाटलं, तुझा वेगळा असेल."

"मलाबी तुझा वेगळा वाटला व्हता," करुणा म्हणाली. त्यांच्या भांडणाचा जीव तिथंच गेला.

शितलनं दोघांना एक रीत लावून दिली. कुणीही स्वतःच्या हातानं कंट्रोलर बंद करायचा नाही. काम सुरू करताना 'मला तू लागतोस' म्हणून एक खूण लावायची, संपलं की आपली खूण काढायची. एकही खूण उरली नाही की कंट्रोलर आपला आपण झोपेल. साधी गोष्ट. करुणानं बसल्या बैठकीला बदल केला, पेमाकडून बकऱ्या आणल्या आणि तपासलं. बकरी एकवीस, बोकड पस्तीस, नरसिंग बासष्ट. हरेकाचं वजन वेगळं! जनकाबाईनं स्वतःच्या आवाजाचा राग विसरून काट्याची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा मेलेला. बॅटरी पार रिकामी.

नरसिंगनं बॅटरी खांद्यावर टाकली आणि चार्ज करून आणली. दिवसभर बकऱ्या तोलल्या, संध्याकाळी काटा परत निपचित. नरसिंग बॅटरीवाल्याशी भांडून आला. बॅटरीवाला म्हणाला, "बॅटरीला तकलीफ न्हाई, तुमच्या काट्याला झोप लागत न्हाई." त्यानं रागानं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं होतं, पण करुणानं त्या खुणा बघितल्या तर खरंच कुणीतरी खूण लावून काढायची विसरत होतं. न काढलेल्या खुणांचा आकडा वाढतच चालला होता. तिनं आधी प्रमोदला धारेवर धरलं. प्रमोदनं शपथा घेतल्या. मग तिनं एक बकरी पाटावर चढवली आणि आकड्याकडे बघत बसली.

बकरी उभी राहिली, वजन झालं, खूण लागली, खूण निघाली. बराबर.

बकरी हलली. "हलू नगं रे माझ्या राजा!" खूण लागली. निघालीच नाही.

बकरी परत हलली. आणखी एक.

करुणानं कपाळावर हात मारला. जनावर हललं की तिचा स्वतःचा ड्रायव्हर 'वजन लागत नाही' म्हणून मधूनच परत फिरायचा आणि परतताना खूण काढायलाच विसरायचा. सरळ वाटेनं गेला की शहाणा, आडवाटेनं गेला की विसरभोळा. आणि रूपसिंगच्या बकऱ्या तर उभ्या जन्मात सरळ उभ्या राहिल्या नव्हत्या. तिनं त्या आडवाटेवर एक ओळ वाढवली. मग प्रमोदला फोन केला.

"तुझं बराबर व्हतं. माझंच चुकलं."

"हे लिहून देशील?"

"न्हाई," ती म्हणाली आणि दोघं हसत सुटले.

इकडे आठवडाभर गावात वेगळीच चळवळ चालू होती. दुसरी तुला व्हायची आहे आणि गूळ अमृतरावांच्या वजनाइतकाच मिळणार, हे एकदा ध्यानात आल्यावर गावाचं अमृतरावांवरचं प्रेम उफाळून आलं. ज्याच्या घरी धपाटे, त्याच्या घरून ताट. तांड्यावर रूपसिंगनं खास बोलावून मटण खाऊ घातलं. गिरणीत दळण घेऊन येणारी बाई डब्याखाली चार करंज्या ठेवून जायची. मिराबाई घरात ताटात उरलेल्या भाकरी मोजत होत्या आणि नवऱ्याला भूक का नाही या काळजीनं वाळत चालल्या होत्या. अमृतरावांना यातलं काही कळलं नाही. साठाव्या वर्षी गाव आपल्याला ओळखू लागलं, एवढंच त्यांच्या मनात आलं.

रविवारी सकाळी परत मांडव, परत हलगी. करुणानं बॅटरीला हात लावून बघितला, वायरी बघितल्या, आभाळाकडेही बघितलं. अमृतराव खुर्चीत बसले आणि सवयीनं हात जोडले.

"हलू नगं रे माझ्या…" काट्यानं सुरुवात केली आणि "राजा!" सगळ्या गावानं पुरं केलं. जनकाबाई या वेळी पदराआड गेली नाही. तिनं मान ताठ ठेवली, जणू कीर्तनात टाळकऱ्यांनी साथ दिली.

"शहाण्णव किलो."

गावानं असा जल्लोष केला की रूपसिंगचा अजून न विकलेला बोकड बिथरला. अमृतराव चकित. "शहाण्णव? आठ दिवसांत?" मिराबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी जमलेल्या एकेका तोंडाकडे असं बघितलं की धपाटेवाल्या बायका एकमेकींच्या मागं लपल्या. रूपसिंग आभाळात पाखरं मोजायला लागला.

खुर्ची उतरवली. ढेपा चढू लागल्या. पहिल्या ढेपेला काटा थोडा थांबला आणि डबा म्हणाला, "दहा किलो." करुणा तिथंच खोक्यावर बसली. पुढं एकेक ढेप चढत गेली, आकडा चढत गेला, कुणी मधे हात लावला की काटा राजाला दटावायचा, आणि पाट शहाण्णववर पोचला तेव्हा प्रमोद आणि शितलनं फोनच्या पडद्यावरून टाळ्या वाजवल्या. गूळ वाटला गेला. लेकरांचे हात, माणसांच्या मिशा, बोकडाची दाढी, सगळं चिकट झालं.

बॅटरी संध्याकाळपर्यंत भरलेलीच होती. माणसं पांगली तसा काटाही आपला आपण झोपी गेला.

मांडव सोडायचं काम चालू असताना मिराबाई करुणाजवळ आल्या. इकडं तिकडं बघितलं.

"करुणा, ह्याचा आवाज बंद करता येतो का?"

"येतो, काकू."

"कर."

करुणानं वायर काढली. मिराबाई चपला काढून, बांगड्या वर सारून हळूच पाटावर चढल्या. आकडा नुसता पडद्यावर उमटला. त्यांनी वाकून तो वाचला, परत वाचला, खाली उतरल्या आणि चपला घातल्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "अजून थोडं बिघाड हाय त्यात. नीट बघून घे."

"व्हय काकू," करुणा म्हणाली. "बघते."